वर्षावासातल्या तेरा सीड्या

पुण्यात पावसाळ्यात पांढरी साडी वाळत नाही. कितीही पिळा, पंख्याखाली टाका, काठाशी ओल राहतेच, आणि मग ती इस्त्रीनंच वाळवावी लागते. इस्त्री फिरवताना जो दमट, वाफाळ वास येतो तो माझ्यासाठी वर्षावासाचा वास आहे. यंदाही आषाढी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी तीन पांढऱ्या साड्या काढल्या, पहिलीवर इस्त्री ठेवली आणि तो वास आला तसा हात थांबला. दरवर्षी थांबतो. मिलिंद, माझा नवरा, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "साडी जळेल." दरवर्षी तोही हेच म्हणतो.

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने. या काळात भिक्खूंनी गावोगाव हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, अशी फार जुनी रीत. आमच्यासारख्या संसारी बौद्धांच्या वस्त्यांमध्ये या रीतीला आणखी एक रूप आलं. रोज संध्याकाळी विहारात जमायचं, धम्मग्रंथाचं वाचन ऐकायचं. आषाढी पौर्णिमेला पहिलं पान उघडायचं आणि आश्विनी पौर्णिमेला शेवटचं मिटायचं. एका जागी राहायचे हे तीन महिने, आणि ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी मी एका जागी कुठेच नव्हते.

आमचा विहार नगर रस्त्याच्या आतल्या बाजूला, वसाहतीच्या टोकाला. चार भिंती, वर पत्रा. पाऊस जोरात आला की पत्र्यावर असा काही आवाज होतो की शेजारी बसलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही. माझे बाबा तिथे तीस वर्षं वाचत होते. वर्ध्याकडून खडकीच्या कारखान्यात नोकरीला आलेला माणूस, दिवसभर फायली आणि संध्याकाळी ग्रंथ. पाऊस वाढला की ते बोट ओळीवर ठेवून थांबायचे. तीसेक माणसं, बहुतेक बायका, ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून गप्प बसून राहायची. पाच मिनिटं, कधी पंधरा. कोणाला घाई नसायची. पाऊस ओसरला की बाबा मागचं एक वाक्य पुन्हा घेऊन पुढे जायचे. लहानपणी मला ते थांबणं कंटाळवाणं वाटायचं.

पावसापेक्षाही जास्त वेळा त्यांना थांबवायची ती कौसल्यामावशी. यवतमाळकडची. नवऱ्यामागे पुण्याला आली, नवरा गेला, ती राहिली. खराडीत आयटी पार्क झाले तशी तिथल्या काचेच्या इमारतींत साफसफाईला जाऊ लागली. अक्षरओळख नाही, पण ग्रंथातला एक शब्द हलला तरी तिला कळायचा. मध्येच हात वर करायची, "थांबा भाऊ. हे मले पटलं नाही." मग चर्चा. बाबांना उत्तर माहीत असेल तर ते देत, नसेल तर म्हणत, "मला नाही सांगता येत कौसल्याबाई, बघून ठेवतो." आणि बघून ठेवायचे. त्यामुळे आमच्या विहारात ग्रंथ कधी वेळेत संपला नाही. शेवटच्या आठवड्यात बाबांना रोज दुप्पट वाचावं लागायचं आणि सगळ्यांच्या घरी स्वयंपाकाला उशीर व्हायचा.

काचबिंदूनं बाबांचे डोळे हळूहळू नेले. आई आधीच गेली होती; बाबा वसाहतीतल्या दोन खोल्यांत एकटे राहत आणि माझ्या खराडीच्या फ्लॅटमध्ये यायला काही तयार नव्हते. त्या वर्षी जानेवारीत मी त्यांच्याकडे गेले असताना त्यांनी फडक्यात बांधलेला ग्रंथ माझ्या मांडीवर ठेवला. "बेबी, यंदा तू वाच. मला आता अक्षरं धुरकट दिसतात." मी लगेच हो म्हटलं. जुलै लांब होता. लांबच्या गोष्टींना हो म्हणण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

मी कसबा पेठेत एका छोट्या संग्रहालयात काम करते. जुन्या कारागिरीच्या वस्तू आहेत, जवळच्या आळीतून तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचे आवाज दुपारभर येत असतात. आमचे सचिव पेठेतलेच. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची वेळ मी येऊ दिली नाही, इतकं काम केलं. प्रेक्षकांसाठी ध्वनिफिती करायची कल्पना माझीच. कानाला यंत्र लावायचं, बटण दाबायचं, समोरच्या घंगाळाची माहिती ऐकायची. आवाजही माझाच. लोक जाताना वहीत लिहीत, 'निवेदिकेचा आवाज गोड आहे.' मला त्याचा अभिमान होता, तो नाकारण्यात अर्थ नाही.

मे महिन्यात फेलोशिपचं पत्र आलं. संग्रहालयं, ग्रंथालयं, नाट्यसंस्था अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना नेतृत्व शिकवायचा वर्षभराचा कार्यक्रम, देशभरातून थोडेच लोक घेतलेले. दर बुधवारी संध्याकाळी फोनवर चर्चा, दीड-दोन महिन्यांनी वेगळ्या शहरात तीन दिवसांचं शिबिर, आणि एक प्रकल्प. मी सचिवांना सांगितलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अभिनंदन. म्हणजे आता रजेचा अर्ज इंग्रजीत येणार तर." रजा मात्र दिली.

मला ती फेलोशिप हवी होती. फार हवी होती. पुढे काय झालं ते वाचून कोणाला वाटायला नको की ती माझ्या गळ्यात पडली होती. पहिल्या शिबिरात आम्हाला एका मोठ्या कागदावर आपल्या आयुष्याची नदी काढायला लावली. सदतीस वर्षांची बाई मी, रंगीत खडू घेऊन जमिनीवर पालथी पडून नदी काढत होते, आणि तीन दिवसांत एकदाही कोणी मला 'चहा टाकलास का' असं विचारलं नव्हतं. मी जे बोलत होते ते लोक लिहून घेत होते. परतीच्या गाडीत मला रडू आलं, ते आनंदाचंच होतं.

घरी परिस्थिती वेगळी होती. ते मंदीचं वर्ष. मिलिंद खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि एप्रिलपासून 'बेंचवर' होता, म्हणजे नोकरी आहे पण काम नाही, आणि काम नसलेल्यांची नावं दर शुक्रवारी कमी होत होती. रोज वेळेवर इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, दिवसभर बसून यायचा. नोकरी गेलेल्या माणसापेक्षा तो जास्त थकलेला असायचा. मुलगी आर्या पाचवीत. अशा वेळी लोक तारेवरची कसरत म्हणतात. डोंबाऱ्याला निदान खाली उभं राहून कोणी ढोलकं तरी वाजवतं.

जूनमध्ये मी कॅलेंडर घेऊन बसले. वर्षावासाचे नव्वदएक दिवस. त्यातले बुधवार गेले, शिबिरं गेली, संग्रहालयातले उशिराचे दिवस गेले. उरलेल्या दिवसांनाही कसब्यातून निघून नगर रस्त्याची गर्दी कापत, कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मागे रखडत, सातच्या आत विहारात पोचायचं. जमणार नव्हतं. बाबांना तसं सांगायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. त्याऐवजी मला युक्ती सुचली.

ग्रंथ मी आधीच वाचून ठेवीन. संग्रहालयाचं रेकॉर्डिंगचं यंत्र होतंच. रविवारी इमारत बंद असते, शांत असते, सचिवांची परवानगी काढली. एका आठवड्याची एक सीडी, सीडीवर सात भाग, अशा तेरा सीड्या. विहारात प्लेअर ठेवायचा, बाबांनी रोज बटण दाबायचं. वाचनही होईल आणि फेलोशिपचा प्रकल्पही. एका दगडात दोन पक्षी. तिसरा पक्षीही त्यात होता, कारण आर्या रविवारी माझ्याबरोबर येऊ लागली. मी वाचायचे, ती कोपऱ्यात अभ्यास करायची, आणि सीडी तयार झाली की स्केचपेननं तिच्यावर आकडा टाकायची. चुकलं की मी ते वाक्य पुन्हा वाचायचे आणि चूक कापून टाकायचे. खोकला, श्वास, पानाचा आवाज, सगळं कापलं. स्वच्छ काम होतं.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी तेरा आठवडे बोटांवर मोजले. मग म्हणाले, "तुला सोपं पडेल तसं कर." आणि दुसऱ्याच दिवशी वसाहतभर सांगून आले की माझी मुलगी फेलो झाली आहे, तिच्या आवाजात यंदा ग्रंथ ऐकायचा आहे. फेलो म्हणजे काय, हे त्यांनी कोणाला कसं समजावलं असेल ते मला माहीत नाही.

आषाढी पौर्णिमेला मी स्वतः गेले. विहार भरला होता. त्रिशरण, पंचशील झालं. मेणबत्त्यांचा धूर, ओल्या पांढऱ्या साड्यांचा वास. बाबांनी बोटांनी चाचपून बटण दाबलं आणि पेटीतून माझा आवाज आला. बायकांनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या. मी फोटो काढले. कौसल्यामावशी पेटीकडे न बघता माझ्याकडे बघत बसली होती, हे मला त्या फोटोत नंतर दिसलं.

मग दिवस पळायला लागले. मी बुधवारी फोनवर, मध्येच तीन दिवस शिबिरात, एरवी संग्रहालयात. बाबांना एकाआड एक दिवस फोन करायचे. "वाचन नीट चाललंय ना?" "चाललंय." "लोक येतात?" "येतात की." "डोळ्यांत औषध घालता ना?" "घालतो." आमचं एवढंच बोलणं. दोन महिन्यांत मी त्यांच्या दारात एकदाही गेले नाही. बाबांनी झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली आणि मलाही ती उघडून बघायला वेळ नव्हता.

मधल्या शिबिरात मी प्रकल्प मांडला. पौर्णिमेचा फोटो दाखवला, सीडीतला दीड मिनिट आवाज ऐकवला. टाळ्या पडल्या. आमच्या मार्गदर्शक मॅडम, दिल्लीच्या, वयानं मोठ्या आणि खरोखर चांगल्या बाई, म्हणाल्या की हे शंभर वस्त्यांत करता येईल. पुढचं शिबिर पुण्यातच होतं. त्या म्हणाल्या, "आम्हाला तुझा विहार बघायचा आहे."

भाद्रपद संपत आला होता. मी आठ पाहुण्यांना आणि मॅडमना घेऊन संध्याकाळी पोचले. चपलांचा ढीग बघून जीव भांड्यात पडला. हॉल भरलेला होता. बाबा नव्या शर्टात पुढे बसले होते. त्यांनी प्लेअरचं बटण दाबलं, मग पुढचा भाग येण्यासाठी मोजून पुन्हा पुन्हा दाबलं. दिसत नसताना ते रोजचा भाग असा बोटानं मोजून काढत होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी आजारी भिक्खूची गोष्ट होती. एक भिक्खू आजारी पडून आपल्याच घाणीत पडलेला असतो, इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नाहीत, कारण तो कधी कोणाच्या उपयोगी पडलेला नसतो. शेवटी भगवान स्वतः येऊन त्याला आंघोळ घालतात. माझा आवाज गोष्ट सांगत होता. मध्येच पाऊस आला, पत्रा वाजायला लागला. पेटी थांबली नाही. ती पावसाखाली बोलतच राहिली, कोणाला काही ऐकू येत नव्हतं, आणि पाऊस ओसरला तेव्हा गोष्ट कुठल्या कुठे गेली होती.

कौसल्यामावशीनं हात वर केला. "बंद करा भाऊ ते." बाबांनी बटण चाचपलं, त्यांना ते पटकन सापडेना. शेवटी आवाज थांबला.

"तो कोणाच्या कामी पडला नाही म्हणून त्याले कोणी पाहिलं नाही," मावशी म्हणाली. "मंग ज्यानं जन्मभर सगळ्यांचं केलं, त्याले तरी कोण पाहते? सांगतं का हे मशीन?" मग ती माझ्याकडे वळली. "तू त इथं हायस न बेबी. मंग पेटी काऊन वाचून राहिली? रोज आम्ही चौघीजणी असतो अन् तुहे बाबा. आज त्यायनं काठी टेकत घरोघरी जाऊन लोकं बोलावले. पोरीचे पाहुणे हायेत, म्हणे. या."

बाबांनी मान खाली घातली होती. मॅडमना किंवा पाहुण्यांपैकी कोणालाच मराठी येत नव्हतं. मॅडमनी वाकून हळूच इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

आणि मी म्हटलं, "त्या म्हणतायत, गोष्ट फार आवडली. पुन्हा ऐकायची आहे."

मॅडम हसल्या. त्यांनी मावशीला हात जोडले. मावशीनंही जोडले. बाबांनी कारखान्याच्या कचेरीत तीस वर्षं इंग्रजी पत्रं हाताळली होती. मी काय म्हटलं ते त्यांना अक्षर न् अक्षर समजलं. त्यांनी चाचपत पुन्हा बटण दाबलं आणि माझा स्वच्छ आवाज पुढचं वाचू लागला.

पाहुण्यांना बसमध्ये बसवून मी बाबांच्या खोलीवर गेले. ते शर्ट बदलून कॉटवर बसले होते.

"किती दिवसांपासून लोक येत नाहीत?"

"पोळ्यापासून."

"मला सांगितलं का नाही?"

"तुझं चांगलं चाललं होतं ना तिकडे."

"मग चारच जणी असताना रोज लावत कशाला होता?"

"वाचन खंडू नये." मग म्हणाले, "आणि तू कुठे येत होतीस बेबी. तेवढा आवाज तरी यायचा."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण समजूत काढली नाही. काढायला नकोच होती.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः वाचायला लागले. वर्षावासाचे शेवटचे तीन आठवडे उरले होते. तेवढ्या आठवड्यांच्या बुधवारच्या चर्चा सोडल्या; मॅडमची काळजीची पत्रं आली. संग्रहालयातून साडेपाचलाच निघायचे, सचिव घड्याळाकडे बघत म्हणायचे, "या, उद्या जमल्यास." मिलिंदला दुसरीकडे मुलाखत होती, त्याची तयारी तो आर्याचा सहामाहीचा अभ्यास घेता घेता करत होता, आणि रोज खिचडी. मी रिक्षात साडी सावरत पोचायचे, चपला भिरकावून आत शिरायचे, श्वास खाली बसायच्या आत पहिली ओळ. माणसं परत यायला लागली. वीसेक तरी असायची. मला वाटलं, मी चूक सुधारली. शिक्षा भोगत असल्यासारखी मी वाचत होते आणि मनातून स्वतःवर खूशही होते.

आश्विनी पौर्णिमेला प्रवारणा असते. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांसमोर हात जोडून विचारतात, या तीन महिन्यांत माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं, किंवा तुम्हाला तशी शंका आली, तर सांगा. आमच्या विहारात वाचणाराही तेच विचारायचा. खीर वाटायच्या आधी बाबा दरवर्षी उभे राहून विचारत आणि लोक म्हणत, अमक्या दिवशी उशीर केला, तमका उच्चार चुकला. हसत हसत व्हायचं सगळं. त्या वर्षी उभं राहायची पाळी माझी होती.

मी हात जोडून उभी राहिले. नेहमीचा प्रश्न बाजूला ठेवला. मग मी म्हटलं, "पाहुणे आले त्या दिवशी मावशी जे बोलल्या, ते मी पाहुण्यांना खोटं सांगितलं. गोष्ट आवडली म्हणाल्या, असं सांगितलं."

कोणीतरी च्च केलं. कौसल्यामावशी शांतपणे म्हणाली, "मले ठाऊक होतं. मी एवढं बोलली, अन् ते बाई हसली. तवाच समजलं." मग म्हणाली, "अजून सांगू?"

"सांगा."

"वीस दिवस झाले तू वाचून राहिली. पण तुहा एक डोळा घड्याळावर असते. आम्ही हात वर करत नाही आता. म्हणतो, पोरीले जायचं हाय. मशीनले घाई तरी नव्हती."

मला वाटलं होतं की त्या खोट्याबद्दल मला बोल लावतील आणि ते सोसायची मी तयारी केली होती. हे मात्र अनपेक्षित होतं. माझी वीस दिवसांची धावपळ, मिलिंदची खिचडी, सोडलेले बुधवार, सगळं त्या एका वाक्यात वाहून गेलं.

तेव्हा बाबा बोलले. बसल्या जागेवरून, माझा आवाज जिथून येत होता त्या दिशेला तोंड करून. "चूक माझीही आहे. ही मशीन घेऊन आली तेव्हाच मी नको म्हणायला हवं होतं. फेलोशिपचं मला कौतुक होतं, म्हणून बोललो नाही." मग मला म्हणाले, "बेबी, तू पुढच्या वर्षी रोज येऊ नको. तुला जमतील ते दिवस आधी सांग. तेवढे दिवस ये आणि नीट बस. नाही येणार त्या दिवशी ग्रंथ मिटलेला राहील. कोणी बटण दाबणार नाही. आम्ही येऊन बसू."

"नुसते?" मी विचारलं.

"हो, नुसते."

खीर वाटली गेली. त्यात वेलची जास्त झाली होती, हेही एकीनं सांगितलं.

फेलोशिप मी पूर्ण केली. शेवटच्या अहवालात मी सगळं लिहिलं, मॅडमना सांगितलेलं खोटंसुद्धा. त्यांचं पत्र आलं, मोठ्या मनानं लिहिलेलं. त्यांनी त्याला 'फार महत्त्वाचं लर्निंग' म्हटलं होतं. असो. प्रमाणपत्र संग्रहालयात भिंतीवर आहे, सचिवांनी स्वतः खिळा ठोकून लावलं. मिलिंदला दुसरी नोकरी लागली, हिंजवडीला, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तो आता दिवसाचे तीन तास बसमध्ये असतो. बाबांनी त्यानंतर माझं वाचन चार वर्षं ऐकलं. गेले ते पावसाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात. माणूस जाताना आपल्याकडे काय ठेवून जातो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला त्यांनी नाही म्हणायची परवानगी ठेवली, आणि त्यांना नाही म्हणायचं धैर्य मला ते असताना झालं नव्हतं, याचं दुःख अजून जात नाही.

यंदा मी पंचेचाळीस दिवस सांगितले आहेत. बाकीचे दिवस विहार उघडतो, मेणबत्ती लागते, ग्रंथ फडक्यात बांधलेला असतो. त्या दिवशी तिथे काय होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, बसत असतील, घरच्या गोष्टी बोलत असतील, उठत असतील. खरं सांगायचं तर माझ्यावाचून तिथे काही होत असेल, असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात, मी येणार नाही म्हणून सांगितलेल्या एका दिवशी, कसब्यातलं काम लवकर आटोपलं. दुसऱ्या दिवशी मी येणार होते खरी, पण त्याच संध्याकाळी विश्वस्तांची मीटिंग अचानक ठरली होती आणि दुपारपासून मी या विचारात होते की उद्याचंही नाही म्हणून कळवावं. निदान तोंडानं सांगू, म्हणून विहाराशी रिक्षा थांबवली.

दारात दहा-बारा चपलांचे जोड होते. पाऊस नव्हता, म्हणून आतलं स्पष्ट ऐकू येत होतं. कौसल्यामावशी बोलत होती. तिला आता नीट बसता येत नाही, भिंतीला टेकते. ती आदल्या दिवशी मी वाचलेलं प्रकरण सांगत होती, आपल्या शब्दांत, वऱ्हाडीत, अगदी पहिल्यापासून. एक बाई म्हणाली, "असं नव्हतं मावशी, आधी तो राजा आला." मावशी म्हणाली, "हाव, बरोबर. राजा आधी," आणि राजाला आधी आणून गोष्ट पुढे निघाली. मी दाराबाहेर उभी राहिले. मला फार बरं वाटलं आणि त्यातच कुठेतरी थोडं दुखलंही. दोन्ही खरं आहे.

मग कोणीतरी काहीतरी विचारलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. मावशी म्हणाली, "ते मले नाही सांगता येत बाई. उद्या बेबी येईन, तिले विचारू."

मी चपला न काढताच मागे फिरले. रस्त्यावर आल्यावर सचिवांना फोन लावला आणि सांगितलं की उद्याच्या मीटिंगला मी येणार नाही.